डिशवॉशर आणि दुष्फेन पाणी

डिशवॉशर हे गरम पाण्याच्या फवाऱ्याने भांडी धुऊन वाळवणारे विद्युत यंत्र आहे. या यंत्रातून भांडी किती स्वच्छ व कोरडी निघतात हे यंत्राच्या किमतीपेक्षा पाण्याचा प्रकार, डिटर्जंट, भांड्यांची मांडणी आणि निवडलेला कार्यक्रम यांवर अधिक अवलंबून असते. यांपैकी पाणी हा घटक सर्वांत निर्णायक असून ज्या भागात पाण्यात क्षारांचे प्रमाण जास्त असते तेथे भांड्यांवर पांढरे डाग राहणे, काच धुरकट होणे आणि भांडी ओली राहणे या तक्रारी अधिक आढळतात. महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्हा हे याचे ठळक उदाहरण आहे. या एकाच जिल्ह्यात बेसाल्ट खडकातील दुष्फेन पाणी, पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारे पाणी आणि धरणांतून नळाने येणारे तुलनेने कमी क्षारांचे पाणी असे तीन वेगवेगळे प्रकार वापरात आहेत.

पार्श्वभूमी

भांडी धुण्याच्या यंत्राचे पहिले अमेरिकी पेटंट १८५० साली जोएल हॉटन यांना मिळाले. ते हाताने फिरवायचे लाकडी यंत्र होते. पाण्याच्या दाबाने भांडी धुणारे उपयुक्त यंत्र इलिनॉय राज्यातील जोसेफिन कॉक्रेन यांनी तयार केले व त्याचे पेटंट त्यांना २८ डिसेंबर १८८६ रोजी मिळाले. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात हे यंत्र मांडण्यात आले होते. भारतात घरगुती डिशवॉशरचा वापर दीर्घकाळ मर्यादित राहिला. २०२० मधील टाळेबंदीत घरकामासाठी बाहेरून मदत मिळणे बंद झाल्यावर त्याची मागणी लक्षणीय वाढली.

स्वच्छतेचे चार घटक

जर्मन रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी धुलाईचे परिणाम चार घटकांत मांडले : रसायन, यांत्रिक क्रिया, तापमान आणि वेळ. ही मांडणी ‘सिनरचे वर्तुळ’ या नावाने ओळखली जाते. एक घटक कमी केल्यास उरलेल्यांपैकी एखादा वाढवावा लागतो. हाताने भांडी घासताना यांत्रिक क्रिया, म्हणजे घासण्याचा जोर, सर्वाधिक असतो. वेळ व तापमान कमी असते. डिशवॉशरमध्ये घासणे नसते. त्याची भरपाई सुमारे ५० ते ७० अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी, हाताला न सोसणारा तीव्र अल्कधर्मी डिटर्जंट आणि दोन ते तीन तासांचा वेळ यांनी होते. ‘इको’ कार्यक्रम लांबतो तो याच कारणाने. त्यात तापमान कमी ठेवून वेळ वाढवलेला असतो, म्हणून वीज कमी लागते.

यंत्राच्या तळाशी साठलेले थोडे पाणी पंपाने फिरत्या फवाऱ्यांतून पुन्हा पुन्हा भांड्यांवर मारले जाते. बारा ते पंधरा जणांच्या भांड्यांच्या यंत्रास एका फेरीत साधारण ९ ते १२ लिटर पाणी पुरते. तेच पाणी फिरत राहत असल्याने गाळणी तुंबली की सुटलेले अन्नकण परत भांड्यांवर बसतात.

बुलढाणा जिल्ह्यातील पाणी

जिल्ह्याचे ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असे दोन भाग बोलीभाषेत रूढ आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा हे तालुके घाटावर मोडतात. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली.

घाटावरील विहिरी व कूपनलिका दख्खनच्या बेसाल्ट खडकात आहेत. अशा खडकातील पाण्यात सामान्यतः कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बायकार्बोनेटे आढळतात. या पाण्यात साबणाचा फेस सहज होत नाही, म्हणून त्याला दुष्फेन पाणी म्हणतात. व्यवहारात ‘जड पाणी’ हा शब्द चालतो. हे पाणी तापवल्यावर बायकार्बोनेटांचे न विरघळणाऱ्या कार्बोनेटांत रूपांतर होऊन त्यांचा थर भांड्यांवर व तापक घटकावर बसतो. पाणी तापवण्याच्या भांड्याच्या किंवा गिझरच्या आत जमणारा पांढरा कठीण थर तो हाच.

घाटाखाली पूर्णा नदीच्या गाळाच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्याचे क्षेत्र सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर मानले जाते. येथील भूजलात सोडियमचे क्षार अधिक असतात आणि अनेक गावांतील विहिरींचे पाणी पिण्यास अयोग्य आहे. शेजारच्या दोन विहिरींच्या पाण्यातही मोठा फरक असू शकतो : एकात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त, तर दुसऱ्यात मुख्यतः सोडियमचे क्षार.

तिसरा प्रकार धरणांच्या पाण्याचा. बुलढाणा शहरास येळगाव धरणातून, तर संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांतील गावांना वान प्रकल्पावरील योजनेतून पाणी मिळते. साठवलेल्या पावसाच्या या पाण्यात भूजलापेक्षा क्षार कमी असतात. नळाला दररोज पाणी येत नसल्यास अनेक घरांत एकाच टाकीत नळाचे व कूपनलिकेचे पाणी मिसळले जाते. त्यामुळे पाण्याचा प्रकार आठवड्याआठवड्याने बदलतो आणि यंत्राची एकदा केलेली जुळणी अपुरी ठरते.

पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५०० : २०१२) एकूण दुष्फेनतेची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम, तर अन्य स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम आहे. एकूण विरघळलेल्या क्षारांसाठी, म्हणजे टीडीएससाठी, याच मर्यादा अनुक्रमे ५०० व २,००० मिलिग्रॅम आहेत. डिशवॉशरच्या माहितीपुस्तिकेत दुष्फेनता बहुधा जर्मन अंशांत दिलेली असते. एक जर्मन अंश म्हणजे लिटरमागे सुमारे १७.८ मिलिग्रॅम, त्यानुसार ६०० मिलिग्रॅम म्हणजे जवळजवळ ३४ अंश.

दुष्फेनता व टीडीएस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजारातील पेनासारखे टीडीएस मापक पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून सर्व क्षारांची एकत्रित मात्रा दाखवते. त्यांतील कॅल्शियम किती व सोडियम किती हे त्यातून कळत नाही. दुष्फेनता चाचणीपट्टीने किंवा प्रयोगशाळेत तपासावी लागते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाण्याची अशी तपासणी होते.

मृदूकरण आणि मिठाचे कार्य

बहुतेक डिशवॉशरांत पाणी सुफेन करणारी राळ बसवलेली असते. दुष्फेन पाणी तिच्यातून जाताना कॅल्शियम व मॅग्नेशियम आयन राळेला चिकटतात आणि त्यांच्या जागी सोडियम आयन पाण्यात येतात. राळेची क्षमता संपत आली की यंत्र मिठाच्या कप्प्यातील संपृक्त द्रावण तिच्यातून सोडते. त्यामुळे कॅल्शियम निघून जाते व राळ पुन्हा कार्यक्षम होते. मीठ येथे भांड्यांपर्यंत जाण्यासाठी नसून राळ ताजी करण्यासाठी असते.

यासाठी शुद्ध, जाड कणांचे डिशवॉशर मीठ वापरतात. जेवणातील बारीक मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून मिसळलेली द्रव्ये असतात आणि जाड्या खड्यांच्या मिठात मॅग्नेशियम व मातीचा अंश असतो. दोन्हींनी राळ व झडपा खराब होतात. पहिल्या वेळी कप्प्यात पाणी भरून मग मीठ घालावे लागते. मीठ भरताना सांडलेल्या खाऱ्या पाण्याने स्टेनलेस स्टीललाही गंज लागू शकतो. म्हणून मीठ धुलाईची फेरी सुरू करण्यापूर्वी लगेच भरावे. भरून ठेवून यंत्र बंद सोडू नये.

मिठाइतकीच दुष्फेनतेची जुळणी महत्त्वाची असते. नवे यंत्र सामान्यतः मध्यम दुष्फेनतेवर ठरवून दिलेले असते. ३० अंशांचे पाणी असताना जुळणी १५ अंशांवर राहिली, तर राळ वेळेआधी निकामी होऊन कप्प्यात मीठ असूनही भांड्यांवर थर बसतो. अनेक यंत्रे सुमारे ५० अंशांपर्यंतचे पाणी हाताळू शकतात.

या पद्धतीची एक मर्यादा खारपाणपट्ट्यात विशेष जाणवते. राळ कॅल्शियम काढून सोडियम देते. क्षारांची एकूण मात्रा ती कमी करत नाही. लिटरमागे २,००० मिलिग्रॅम क्षार असलेल्या पाण्याचे १०० मिलिलिटर थेंब भांड्यांवर सुकले, तर २०० मिलिग्रॅम क्षार मागे राहणारच. अशा ठिकाणी मिठाची जुळणी वाढवून उपयोग होत नाही. नळाचे किंवा पावसाचे साठवलेले पाणी यंत्रास जोडणे हाच परिणामकारक उपाय ठरतो. आरओ यंत्राचे शुद्ध पाणीही चालते. परंतु ते मिळवताना बरेच पाणी सांडपाणी म्हणून बाहेर पडत असल्याने टंचाईच्या काळात तो मार्ग खर्चिक असतो. आरओमधून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र डिशवॉशरला कधीही जोडू नये, कारण त्यात मूळ पाण्यातील क्षार अधिक संहत झालेले असतात.

डागांची ओळख

पांढरा डाग दिसताच मीठ किंवा डिटर्जंट वाढवण्याऐवजी डाग कशाचा आहे हे आधी ठरवणे उपयुक्त असते.

• ओल्या फडक्याने सहज पुसला जाणारा डाग सोडियमच्या विद्राव्य क्षारांचा किंवा न विसळल्या गेलेल्या डिटर्जंटचा असतो. उपाय : कमी क्षारांचे पाणी, योग्य मात्रेत रिन्स एड, फवाऱ्यांची तपासणी.

• पाण्याने न जाणारा, पण लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने निघणारा थर कॅल्शियम कार्बोनेटाचा असतो. उपाय : मीठ भरणे, दुष्फेनतेची जुळणी वाढवणे.

• आम्लानेही न निघणारा, काचेवरील धुरकटपणा म्हणजे काचेच्या पृष्ठभागाची झीज होय. ती भरून येत नाही. अतिमृदू पाणी, जादा डिटर्जंट व उच्च तापमान यांनी ती होते. उपाय : मात्रा व तापमान कमी करणे. पावसाचे पाणी वापरताना मृदूकरण बंद ठेवणे याच कारणाने आवश्यक असते.

डिटर्जंट

डिशवॉशरच्या डिटर्जंटमध्ये प्रामुख्याने सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, असतो. त्याने पाण्याचा सामू वाढतो, तेलकटपणा सुटतो आणि उरलेसुरले कॅल्शियम बांधले जाते. जोडीला प्रथिने विघटित करणारे प्रोटीएज व पिष्ट विघटित करणारे अमायलेज ही विकरे आणि डाग घालवणारे सोडियम परकार्बोनेट असते. कॅल्शियमला विरघळलेल्या स्थितीत धरून ठेवण्यासाठी पूर्वी फॉस्फेट वापरत. जलाशयांत शेवाळ वाढत असल्यामुळे युरोपीय संघाने १ जानेवारी २०१७ पासून घरगुती डिशवॉशर डिटर्जंटमधील फॉस्फरसवर कडक मर्यादा आणली. फॉस्फेटविरहित डिटर्जंट दुष्फेन पाण्यात अधिक संवेदनशील असल्याने मिठाचे महत्त्व वाढले आहे.

धुण्याच्या सोड्याशी बुलढाणा जिल्ह्याचा जुना संबंध आहे. उल्काघाताने बेसाल्टात निर्माण झालेल्या लोणार सरोवराचे पाणी खारे व तीव्र अल्कधर्मी असून त्याचा सामू १० च्या आसपास असतो. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर काठावर सोडियम कार्बोनेटयुक्त क्षार जमत आणि ते गोळा केले जात. काच व साबण बनवण्याचे पदार्थ येथे मिळत असल्याचा उल्लेख अबुल फझलच्या ‘आईन-इ-अकबरी’त आहे. आज सरोवर परिसर संरक्षित असून २०२० मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. डिटर्जंटसाठी लागणारा सोडा कारखान्यांत तयार होतो.

हाताने भांडी घासण्याचा साबण किंवा द्रव डिशवॉशरमध्ये वापरू नये. त्याच्या फेसामुळे पंपात हवा शिरून फवारा क्षीण होतो आणि फेस बाहेर येऊ शकतो. मीठ व रिन्स एड यांचा अंश एकत्र असलेल्या वड्या मध्यम दुष्फेनतेपर्यंत पुरतात. फार दुष्फेन पाण्यासाठी मीठ स्वतंत्रपणेच भरावे लागते.

भांडी आणि त्यांची मांडणी

भांड्यांतील उष्टे खरवडून टाकावे. परंतु ती आधी धुऊन घेण्याची गरज नसते. पाण्याचा गढूळपणा ओळखणाऱ्या यंत्रात आधी विसळलेली भांडी ठेवल्यास यंत्र सौम्य फेरी निवडते आणि तेलकटपणा तसाच राहतो. पिठल्याच्या पातेल्याला धरलेली खरवड व परातीला वाळलेली कणीक यांना अपवाद करावा लागतो. त्यांत प्रथिने व पिष्ट असते आणि ते उष्णतेने अधिक घट्ट होते, म्हणून ही भांडी गरम नव्हे, तर थंड पाण्यात थोडा वेळ भिजवतात.

कढई, पातेली व कुकरचे स्टीलचे भांडे खालच्या जाळीत तोंड खाली करून, तर वाट्या व पेले वरच्या जाळीत तिरके ठेवतात. एकात एक बसलेल्या वाट्या व एकमेकांना चिकटलेली ताटे यांच्या मधल्या भागात फवारा पोहोचत नाही. मोठी परात उभी ठेवताना ती फवाऱ्याच्या दांड्याला अडणार नाही हे दांडा हाताने फिरवून पाहावे. फोडणीच्या तेलाने माखलेल्या भांड्यांसाठी ६५ ते ७० अंशांचा तीव्र कार्यक्रम अधिक परिणामकारक असतो.

पुढील भांडी यंत्रात घालू नयेत :

• जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची भांडी व कुकर. अल्कधर्मी डिटर्जंटने ती काळी पडतात.

• तांब्या-पितळेची व कल्हई केलेली भांडी.

• बिडाचा व लोखंडी तवा, विळी. त्यांवरील तेलाचा थर जाऊन गंज चढतो.

• लाकडी पोळपाट, लाटणे व रवी.

हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य अल्कधर्मी पाण्यात लालसर होते, त्यामुळे प्लास्टिकच्या डब्यांवरील डाग धुलाईनंतर उठून दिसतात. असे डबे काही तास उन्हात ठेवल्यास रंग फिका होतो.

वाळवण

बहुतेक घरगुती यंत्रांत हवा तापवून भांडी वाळवली जात नाहीत. शेवटचे विसळणे गरम पाण्याने होते, त्यात भांडी तापतात आणि त्यांच्यावरील पाण्याची वाफ होऊन ती यंत्राच्या थंड स्टीलच्या भिंतींवर जमते. म्हणून जे भांडे उष्णता अधिक साठवते ते लवकर वाळते. जाड चिनी मातीची भांडी व काच चांगली वाळतात. पातळ पत्र्याची ताटे त्या मानाने कमी. प्लास्टिक सर्वांत कमी, कारण ते उष्णता फार साठवत नाही व त्यावर पाणी थेंबांच्या रूपात अडकून राहते.

रिन्स एड पाण्याचा पृष्ठताण कमी करते. त्यामुळे थेंबांऐवजी पातळ पापुद्रा तयार होऊन पाणी ओघळून जाते. ओघळलेल्या पाण्याबरोबर त्यातील क्षारही जातात, म्हणून खाऱ्या पाण्यात रिन्स एडचा उपयोग दुहेरी असतो. मात्रा जादा झाल्यास काचेवर निळसर रेघा दिसतात. रिन्स एडच्या कप्प्यात व्हिनेगर भरणे टाळावे. ते रबरी भागांना अपायकारक ठरू शकते.

फेरी संपल्यावर १५ ते २० मिनिटांनी दार थोडे उघडे ठेवल्यास वाफ बाहेर जाते. घाटाखालच्या कोरड्या उन्हाळ्यात त्यानंतर भांडी लवकर वाळतात. पावसाळ्यातील दमट हवेत अधिक वेळ द्यावा लागतो. भांडी काढताना खालची जाळी आधी रिकामी करतात, म्हणजे वरच्या भांड्यांच्या बुडांतील खळग्यांत साचलेले पाणी खाली सांडत नाही. काही यंत्रांत ओलावा शोषताना उष्णता देणारे झिओलाइट वापरलेले असते. झिओलाइट खनिजे दख्खनच्या बेसाल्टातील पोकळ्यांत नैसर्गिकरीत्याही सापडतात.

पाण्याचा दाब, वीज आणि देखभाल

यंत्रास किमान सुमारे ०.३ ते ०.५ बार दाबाचे पाणी लागते. पाण्याची उंची ३ मीटर वाढली की दाब सुमारे ०.३ बार वाढतो. एकमजली घराच्या गच्चीवर बैठी टाकी असल्यास हा दाब जेमतेम मिळतो. फेरीच्या मध्येच वीज गेल्यास बहुतेक यंत्रे पुढे तेथूनच सुरू होतात. मात्र तापलेले पाणी थंड होते व डिटर्जंटचा परिणाम घटतो. तापक घटकास सुमारे २,००० वॉट शक्ती लागत असल्याने घरगुती इन्व्हर्टरवर यंत्र चालत नाही. भारनियमनाची वेळ पाहून फेरी लावणे सोयीचे ठरते.

गाळणी आठवड्यातून एकदा धुवावी, फवाऱ्यांची छिद्रे काडीने मोकळी करावीत आणि दुष्फेन पाण्याच्या भागात अधूनमधून रिकामे यंत्र सायट्रिक आम्ल घालून गरम कार्यक्रमावर चालवावे.

पाण्याची बचत आणि सांडपाणी

जर्मनीतील बॉन विद्यापीठात राइनर श्टामिंगर यांच्या गटाने केलेल्या प्रयोगांत बारा जणांची भांडी हाताने धुण्यास सरासरी सुमारे १०० लिटर पाणी लागल्याचे आढळले. हे मुख्यतः नळाखाली धुण्याच्या सवयीस लागू पडते. टँकरवर अवलंबून असलेल्या गावांत बादलीतील मोजक्या पाण्यात भांडी घासली व विसळली जातात. तेथे बचत याहून बरीच कमी असते. अर्धे भरलेले यंत्र चालवल्यास किंवा डाग राहिल्याने भांडी पुन्हा धुवावी लागल्यास ती उरतही नाही. त्यामुळे टंचाईच्या भागात पाण्याचा प्रकार तपासून यंत्राची योग्य जुळणी करणे हा चकाकीइतकाच पाण्याच्या हिशेबाचा प्रश्न आहे.

डिशवॉशरच्या सांडपाण्यात डिटर्जंटमधील व मिठातील सोडियम असते. सोडियममुळे काळ्या चिकण मातीची कणरचना मोडते व तिच्यातून पाण्याचा निचरा कमी होतो. खारपाणपट्ट्यातील जमिनींत सोडियम मुळातच जास्त असल्याने हे पाणी परसबागेस किंवा झाडांच्या आळ्यात सोडणे अपायकारक ठरते. भाज्या व धान्य धुतलेले पाणी बागेसाठी वेगळे ठेवून यंत्राचे पाणी गटारात किंवा झाडांपासून दूरच्या शोषखड्ड्यात सोडणे योग्य असते.